वाईचा घाट, जहांगीरची भिंत आणि सोमवारची सकाळ

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चिंचवडला राहता, नोकरी सांभाळून सात वर्षं जलरंगात काम करताय आणि गेले आठ महिने हात चालत नाही. कागद बोर्डाला लावता, पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा पहिला थर, देता आणि तिथेच सोडून देता. सगळे म्हणतात म्हणून कोकणात चार दिवस फिरून आलात, सहाशे फोटो काढलेत. मुंबईत एका दिवसात तीन ठिकाणी चित्रं पाहिलीत आणि ‘सगळेच माझ्यापेक्षा चांगलं काम करतात’ असं वाटून रात्रीच्या गाडीने परत आलात. मग फिरण्याने, प्रदर्शनं बघण्याने काही सुचतं हे खरं आहे का, की नुसतं बोलायचं असतं?

खरं आहे. मी सत्तावीस वर्षं चित्रं काढतोय, त्यातली बरीच वर्षं शिकवतोही आहे, आणि माझ्या कामातली जवळजवळ प्रत्येक नवी मालिका एका दिवसाच्या फेरीतून नाहीतर एखाद्या चित्रासमोर घालवलेल्या अर्ध्या तासातून सुरू झाली आहे. पण तुम्ही ज्या रीतीने गेलात त्या रीतीने सहसा काही हाती लागत नाही. फार लांब गेलात, फार पाहिलंत आणि परत आल्यावर लगेच नोकरीच्या रगाड्यात शिरलात. माझं सांगणं याच्या उलट आहे. जवळ जा, एका दिवसासाठी जा, त्याच जागी पुन्हा पुन्हा जा. प्रदर्शनात दोनच चित्रं बघा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, डोक्यात दुसरं काही शिरायच्या आत, दोन तास टेबलाशी बसा. हे शेवटचं जमणार नसेल तर सहल पुढे ढकला.

आधी हात का अडतो ते बघू. सात वर्षांत हाताला काही उत्तरं पाठ झालेली असतात. आकाश म्हटलं की ओल्या कागदावर निळा, खालच्या बाजूला थोडा पिवळा. झाड म्हटलं की तेच तीन हिरवे. सावली म्हटली की अल्ट्रामरिन आणि बर्न्ट सिएना. चित्र सुरू व्हायच्या आधीच ते कसं संपणार हे आपल्याला माहीत असतं, म्हणून पहिल्या वॉशनंतर उत्सुकताच उरत नाही. तुमचं वर्णन वाचून मला हेच दिसतंय. हात बिघडलेला नाही, त्याला नवा प्रश्न मिळालेला नाही. घरात बसून नवा प्रश्न सापडणं कठीण, कारण घरातल्या प्रत्येक वस्तूचं उत्तर आपण आधीच देऊन ठेवलेलं असतं.

फोटोंमधून तो का मिळाला नाही, हे जरा सविस्तर सांगतो. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेवर दगडी घाट आहे. सकाळी आठ-साडेआठला तिथे पायऱ्यांवर तिरपं ऊन येतं. फोनने फोटो काढलात तर पायरीची आडवी बाजू पांढरी आणि उभी बाजू काळी येते. तो फोटो घरी आणून रंगवलात की तुम्हीही काळीच रंगवणार. तिथे बसून बघा. उभी बाजू काळी नसतेच. वरच्या कडेला ती निळसर जांभळी असते, आणि खाली जिथे ती पुढच्या पायरीला टेकते तिथे उन्हात तापलेल्या दगडाचा उजेड उलटा वर चढतो, म्हणून तिथे केशरी झाक असते. एका वीतभर दगडावर थंडाकडून उष्णाकडे जाणारा पूर्ण वॉश आहे! फोटो तो खाऊन टाकतो. काय ठेवायचं आणि काय टाकायचं याचा निर्णय कॅमेऱ्याने आधीच घेतलेला असतो, आणि चित्रकाराचं कामच तो निर्णय घेण्याचं आहे. तुमच्या सहाशे फोटोंमध्ये सहाशे निर्णय दुसऱ्याचे आहेत.

मेणवलीला मी पहिल्यांदा गेलो तेव्हा घाट, वाडा, देऊळ, नदी, पलीकडची झाडी असं सगळं एका कागदावर कोंबलं. दुसऱ्या खेपेला देवळाजवळची ती प्रसिद्ध घंटा काढली. चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेनंतर, म्हणजे 1739 नंतर, पोर्तुगीजांकडून आलेली ही घंटा. तिच्या गोष्टीचं मला इतकं अप्रूप वाटलं की चित्रात फक्त गोष्टच उतरली, घंटेचं वजन कुठे दिसेना. तिसऱ्या खेपेला पाऊस आला. चौथ्या खेपेला जानेवारी होता, पाणी खाली गेलं होतं. एक बाई कपडे धुऊन बादलीतलं पाणी पायऱ्यांवर ओतून गेली. ओला बेसाल्ट जवळजवळ काळा होतो, कोरडा राखाडी असतो, आणि दोहोंच्या मध्ये वाळत असलेला एक पट्टा असतो जो हळूहळू खाली सरकत जातो. मी तो पट्टा वीस मिनिटं बघत होतो. ओला कागद जसा वाळतो तसाच तो दगड वाळत होता, चकाकी आधी जाते आणि गडदपणा मागाहून जातो. माझं माध्यमच समोर पायऱ्यांवर चाललं होतं. पुढची दोन वर्षं मी ओल्या-कोरड्याच्या त्या सीमेचीच चित्रं केली. त्यात घाट कुठेच ओळखू येत नाही.

हे पहिल्या खेपेला दिसलं नसतं. पहिल्या खेपेला जागा आपल्याला तिची ओळख सांगते, आणि ती ओळख काढण्यातच दिवस जातो. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो की वर्षात बारा नव्या जागा बघण्यापेक्षा एका जागेवर बारा वेळा जा.

कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांचं उदाहरण मला नेहमी आठवतं. जे. जे. स्कूल या कलाशाळेत शिकलेला, मुंबईत सहज नाव मिळवू शकला असता असा हा माणूस कोल्हापूरला परतला आणि 1931 मध्ये जाईपर्यंत कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगेचा घाट, आसपासची झाडंझुडपं हेच रंगवत राहिला. त्यांचे छोटे कागद प्रत्यक्ष बघा. एकाच तळ्याचा उजेड प्रत्येक वेळी वेगळा आहे. त्यांना विषयाची टंचाई कधी भासली असेल असं ती चित्रं बघून वाटत नाही.

‘मग नवी जागा कधीच नको का?’ असं तुम्ही विचाराल. हवी, पण आपल्या मनात प्रश्न तयार असताना. 1948 मध्ये दिल्लीला तेव्हाच्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये, म्हणजे आजच्या राष्ट्रपती भवनात, भारतीय कलेचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. लंडनला जाऊन आलेल्या त्या संग्रहातूनच पुढे राष्ट्रीय संग्रहालय उभं राहिलं. ते बघायला मुंबईहून दोन तरुण चित्रकार गेले: पंढरपूरला जन्मलेले हुसेन आणि गोव्याच्या साळगावचे सोझा. आदल्याच वर्षी त्यांचा, नव्या वाटेच्या चित्रकारांचा, प्रोग्रेसिव्ह ग्रुप निघाला होता. मथुरेची शिल्पं आणि बसोलीची पहाडी लघुचित्रं हुसेननी तिथे पाहिली आणि तो आपल्या कामातला वळणाचा क्षण होता असं ते पुढे सांगत असत. त्यांच्या आकृत्यांमधला कमरेतला बाक आणि सपाट, भडक, एकमेकांना धडकणारे रंग कुठून आले ते मग कळतं. एका प्रदर्शनाने एवढं कसं झालं? कारण सिनेमाची पोस्टरं रंगवून रंगवून मोठी आकृती हाताखाली आली होती आणि तिला भारतीय कशी करायची हा प्रश्न आत ठसठसत होता. तीच गोष्ट 1960 ची. हुसेन आणि चित्रकार राम कुमार बनारसला गेले. हुसेनसाठी तो एक मुक्काम ठरला. राम कुमार मात्र पुढची कित्येक दशकं बनारस रंगवत राहिले, आणि घाटावरची घरं हळूहळू नुसत्या रंगांच्या फळ्या होत गेली. दोघं एकाच वेळी गेले होते, एकच नदी बघितली होती.

तेव्हा जायच्या आधी वहीच्या पहिल्या पानावर एक प्रश्न लिहा. मोठा नको. ‘सावलीत रंग किती?’, ‘गर्दीत माणसाची आकृती किती रेषांत उभी राहते?’, ‘पाण्यावर उजेड तुटतो तिथे कडा मऊ की कडक?’ एवढा लहान. दिवसभर त्या एकाच प्रश्नाचं उत्तर शोधायचं. बाकीचं सुंदर दिसेल ते दिसू दे, पण काढायचं नाही. हे पाळायला फार जड जातं, तरी पाळा.

आता मुंबईबद्दल. जहांगीर आर्ट गॅलरी, एनजीएमए (राष्ट्रीय आधुनिक कला दालन) आणि वस्तुसंग्रहालय हाकेच्या अंतरावर आहेत, म्हणून सगळे जण एका दिवसात तिन्ही करतात आणि पाय सुजवून घेतात. डोळा दीड तासाने थकतो. त्यानंतर बघितलेलं चित्र बघितलेलं नसतं. एका फेरीत एकच जागा ठेवा.

जहांगीरला मी असा बघतो. 1952 पासूनची ही गॅलरी. दालनांतली प्रदर्शनं आठवड्याला बदलतात, त्यामुळे काय लागलंय याची निवड आपल्या हातात नसते आणि तेच बरं असतं. आधी पाच मिनिटांत पूर्ण दालनाची एक फेरी, नावं आणि किमती न वाचता. मग जिथे पाय अडखळला त्या चित्राकडे परत. वीस मिनिटं तिथेच. वहीत काडेपेटीएवढा चौकोन काढून त्यात फक्त तीन छटा भरायच्या: गडद, मधली, पांढरी. बहुतेक वेळा चित्राचं रहस्य इथेच उघडतं. मग जवळ जाऊन, शक्य असेल तर बाजूने, उजेड पृष्ठभागावर सरकू देत बघायचं: पहिला थर कुठला, ब्रश कुठे कोरडा पडला, कुठे पुसलंय, कुठे कागद तसाच सोडलाय. जलरंगवाल्याला कुठे सोडलंय हेच सगळ्यांत महत्त्वाचं. त्यानंतर एक असं चित्र निवडा जे तुम्हाला मुळीच आवडलेलं नाही, आणि त्यालाही दहा मिनिटं द्या. का आवडलं नाही ते एका वाक्यात लिहा. माझ्या अनुभवात या दुसऱ्या चित्राने मला जास्त शिकवलंय, कारण नावडीमागे बहुतेकदा आपलीच एखादी भीती असते.

जहांगीरला चित्रकार बहुधा दालनातच बसलेले असतात. त्यांच्याशी बोला. ‘कसं सुचलं?’ असं विचारलंत तर पत्रकातली वाक्यं ऐकायला मिळतील. ‘कागद कुठला?’, ‘हा वॉश ओला असताना दुसरा सोडला की वाळल्यावर?’ असं विचारा, माणूस भरभरून बोलतो. मला धुळ्याकडच्या एका ज्येष्ठ चित्रकाराने असंच उभ्या उभ्या दहा मिनिटांत सांगितलं होतं की उन्हाळ्यात ते कागदाच्या मागच्या बाजूनेही पाणी लावतात, म्हणजे वॉश हाताळायला वेळ मिळतो. आजतागायत एप्रिल-मेमध्ये मी तसंच करतो.

‘सगळेच माझ्यापेक्षा चांगले’ याबद्दल मनापासून एक सांगायचंय. भिंतीवर पंचवीस-तीस चित्रं असतात. ती दोन-तीन वर्षांतल्या ढिगातून निवडलेली, फ्रेम केलेली, योग्य उजेडात टांगलेली असतात. तुम्ही त्यांच्याशी तुलना करता ती तुमच्या टेबलावरच्या काल रात्रीच्या अर्धवट कागदाची. ही तुलना न्यायाची नाही. पुढच्या वेळी जायच्या आधी तुमच्या सात वर्षांतली सर्वांत चांगली दहा चित्रं काढा, घरातल्या एका भिंतीवर टेपने लावा आणि आठवडाभर तशीच राहू द्या. मग जहांगीरला जा.

मूळ चित्र बघायला का जायचं, फोनवर सगळं दिसतं की, असं हल्ली मुलं विचारतात. त्यांना मी चित्रकार सा. ल. हळदणकरांचं उदाहरण देतो. हातात दिवा धरलेल्या बाईचं ते चित्र कॅलेंडरांवर सगळ्यांनी पाहिलेलं असतं, कित्येक जण ते रविवर्म्याचं समजतात. मूळ चित्र मैसूरला जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. सावंतवाडीच्या या माणसाने ते जलरंगात केलंय! ज्योतीसमोर धरलेल्या बोटांमधून आरपार येणारा तो लाल उजेड जलरंगात, जिथे चूक खोडता येत नाही तिथे. मी त्यासमोर उभा होतो तेव्हा माझ्या माध्यमाबद्दलच्या माझ्या तक्रारी एकदम गळून पडल्या. छापील प्रतीत तो उजेड नुसता नारिंगी डाग असतो. लघुचित्रांचं उलट होतं. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातलं तळहाताएवढं पहाडी चित्र फोनवर पडदाभर होतं, आणि ते मुळात हातात धरून, खाली मान घालून बघायचं चित्र आहे हेच हरवतं.

पुण्याहून एका दिवसात फिरणं आणि बघणं दोन्ही साधायचं तर सातारा जिल्ह्यात औंधला जा. बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे तिथले राजे स्वतः चित्रकार. यमाईच्या डोंगरावर त्यांनी 1938 मध्ये श्री भवानी संग्रहालय उभारलं. तिथे रविवर्म्याची मूळ तैलचित्रं आहेत, आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं आई-मुलाचं एक छोटं दगडी शिल्पही आहे. माळरानातून चालत चढून गेल्यावर मूरचा तो दगड समोर येतो. बाहेर पडून समोरची टेकडी बघा, तिची पाठ कशी वळलीय ते आता वेगळं दिसेल. उघडण्याच्या वेळा निघायच्या आधी विचारून घ्या.

अजिंठा मात्र इतक्यात नको. तिथे एका दिवसात काही होत नाही. गेलात तर पहिल्या लेण्यात दहा मिनिटं नुसतं उभं राहा, अंधाराला डोळा सरावला की मग रंग वर येतात. 1872 पासून जे. जे. मधले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स तिथल्या विद्यार्थ्यांना घेऊन त्या चित्रांच्या प्रती करत होते, त्या कामाला 1885 पर्यंत वेळ लागला. त्याच वर्षी लंडनमधल्या आगीत त्यातल्या बऱ्याच प्रती जळाल्या. पण मुलांच्या हातात उतरलं ते काही जळालं नाही.

सामानाबद्दल विचारलं नाहीत तरी सांगतो, कारण इथे लोक चुकतात. इझल, मोठे बोर्ड, चोवीस रंगांची पेटी घेऊन गेलात की चांगलं चित्र घेऊनच परतायचं दडपण येतं. एक हाताएवढी वही, 2बी पेन्सिल, एक पेन, चार रंग, एक गोल ब्रश, पाण्याची बाटली, टोपी. पूर्ण चित्र काढायचं नाही. तुकडे, नोंदी, बाणाने दाखवलेले रंग. माझ्या वहीत ‘उभी बाजू, खालून केशरी, कड वर कडक, खाली हरवलेली’ अशी वाक्यं चित्रांपेक्षा जास्त आहेत. चित्रकार प्रभाकर बरवे आयुष्यभर वह्या लिहीत. 2019 मध्ये मुंबईच्या एनजीएमएमध्ये त्यांचं सिंहावलोकनी प्रदर्शन भरलं तेव्हा ती पानंही मांडली होती, आणि मी चित्रांइतकाच वेळ त्या पानांसमोर उभा होतो. संग्रहालयात पेन्सिल बहुतेक ठिकाणी चालते, ओले रंग चालत नाहीत, दारात विचारा.

आता दुसरी सकाळ. रविवारी फिरलात तर सोमवारी नोकरीला जायच्या आधी दोन तास, पाच ते सात. रात्री फोटो बघायचे नाहीत. सकाळी वहीही बंद ठेवून आठवणीतून पोस्टकार्डाएवढे सहा कागद करा, प्रत्येकी दहा मिनिटं. आठवणीत जे टिकलं तेच तुमचं आहे, बाकीचं त्या जागेचं. मग वही उघडा आणि सहांपैकी एक मोठा करा. फोटो अगदी शेवटी, पायऱ्या किती होत्या एवढं मोजण्यापुरते. पहिले दोन-तीन सोमवार निराशेचे जातील, माझे अजूनही जातात. साधारण चौथ्या-पाचव्या फेरीनंतर त्या कागदांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येताना दिसेल, तुम्ही ठरवली नसताना. ती धरा.

एक इशाराही देतो. अंगात थकवा असेल, झोप होत नसेल, घरात आजारपण असेल तर सहल हे त्यावरचं औषध नाही. तेव्हा विश्रांती घ्या, आणि चित्र थांबलं म्हणून स्वतःला दोष देऊ नका. अडचण निव्वळ तंत्राची असेल, म्हणजे ओल्यावर ओला रंग हव्या त्या जागी थांबतच नसेल, तर घरी बसून पन्नास वॉश द्या. पण तुमच्या पत्राबरोबरचे कागद बघता तुमचं तंत्र पक्कं आहे.

शेवटी तुम्ही विचारलंय की एकटी बाई घाटावर चित्र काढत बसली तर लोक जमतात, संकोच वाटतो. पहिल्या फेरीला मैत्रिणीला सोबत न्या. भिंतीला पाठ लावून बसा, म्हणजे मागून कोणी डोकावत नाही. सकाळी घाटावर कपडे धुणाऱ्या बायका असतात, त्यांच्याशी आधी दोन शब्द बोला, मग त्याच पोरांना हाकलतात. स्वारगेटहून वाईची पहाटेची एसटी धरा, बायकांना 2023 पासून अर्धं तिकीट आहे. वाईहून मेणवली तीन किलोमीटर, रिक्षा मिळते. बारा वाजले की ऊन डोक्यावर येतं आणि सावल्या पायऱ्यांखाली दडतात, मग वही मिटा, वाईत जेवा आणि दुपारच्या गाडीने परत निघा. गाडीत झोपा. सोमवारी पाचला उठायचं आहे.